लीलावतीबाईंच्या अंगठ्याचा ठसा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कड, शिसवी मूठ आणि काचेला कडेशी एक टवका. आताशा दमायला होते. माझ्यातून फार बोटे पाहून झाली आहेत.

लखनौच्या हज़रतगंजमधल्या एका चष्म्याच्या दुकानातून चंद्रहास खानवलकरांनी मला उचलले. मूळचे साताऱ्याचे हे साहेब लखनौच्या पोलिसांत बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखायचे. काय दिवस होते! मलिहाबादच्या बागेतली दशहरी आंब्यांची चोरी आम्ही सालीवरच्या एका अंगठ्यावरून पकडली. तो आंबा माझ्यातून एवढा मोठा दिसला, की हवालदार जयसिंग दोन्ही हात पसरून उचलायला धावला. खोटे वाटत असेल तर त्यालाच विचारा. पण तो आता हयात नाही.

अठ्ठ्याहत्तर साली साहेब निवृत्त झाले. मुलगी नयना रेल्वेच्या संशोधन संस्थेत होती. मानक नगरच्या तिच्या क्वार्टरमध्ये सगळे राहायला गेले, आणि मी कपाटात धूळ खात पडले. कोणी विचारीना.

पाच वर्षांनी साहेबांचा खोकला हटेना, म्हणून छातीची तपासणी झाली. रिपोर्ट टपालाने यायचा होता, तो काही येईना. एका दुपारी साहेबांना पिठाच्या डब्यामागे इस्पितळाचे पाकीट सापडले. फोडलेले आणि रिकामे.

साहेबांनी मला सदऱ्याला पुसले. ब्रशने काळी भुकटी फिरवताच पाकिटावर एक अंगठा उमटला, मधोमध आडवा चिरलेला. लखनौतले सगळे खिसेकापू साहेबांना अंगठ्यावरून ओळखू यायचे. हा मात्र अनोळखी!

"नयना, अंगठा दे."

"बाबा, आप भी ना! आता घरात पण चौकशी?" म्हणत तिने शाईत अंगठा बुडवून दिला. जुळला नाही.

इतक्यात त्यांच्या पत्नी लीलावतीबाई पाण्याचे भांडे ठेवून गेल्या. साहेबांनी त्यावर भुकटी टाकली आणि मला जवळ नेले. जुळला. चौतीस वर्षांचा संसार, आणि या माणसाने बायकोचा अंगठा कधी पाहिलाच नव्हता.

आता कागद शोधायची गरज उरली नाही. चांगली बातमी कोणी पिठामागे लपवते का? साहेब खुर्चीतून उठले. मग मला हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेले.

"लीला, अंगठ्याला कधी कापलं गं?"

"अहो, त्याला झाली वीस वर्षं! कटहल, आपला फणस हो, चिरताना. तुम्हाला आजच कसं..."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि पाटावर बसल्या.

"डॉक्टर किती दिवस म्हणालेत?" साहेबांनी विचारले.

"कागद दाखवून आले त्यांना. पुढच्या मोसमाचा आंबा खाल, म्हणाले." मग पदराने डोळे पुसत हळूच, "नयनाला कळू देऊ नका हं. तिचं प्रमोशन आहे."

"नाही कळू देणार."

चाळीस वर्षे गुन्हेगार पकडणारा माणूस त्या दुपारी गुन्हेगाराला सामील झाला. दोघांनी मिळून ते पाकीट जाळले. साहेबांनी आंबा खाल्ला, दोन मोसम खाल्ला, आणि गेले.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, माझे आता काही राहिलेले नाही. पण आपल्या घरातल्या माणसाचा हात एकदा हातात घेऊन नीट बघा. त्याला भिंग लागत नाही.