पेडणेकरबाईंचा श्वास

गाताना श्वास घेतला की पेडणेकरबाईंच्या नाकातून एक बारीकशी शिट्टी वाजायची. हिवाळ्यातली कोवळी संध्याकाळ, सीवूड्सच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये खाडीकडच्या खिडक्यांतून तिरपा आलेला केशरी उजेड, लांबवलेल्या षड्जाची ती प्रसन्न, अखंड धार, आणि तिच्यात ही शिट्टी! बाकी कुणाला ती ऐकूही येत नसेल. मी त्यांच्या शेजारी उभी असायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमचं वैर छतातलं. त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या न्हाणीचं पाणी माझ्या बेडरूमच्या छतात झिरपायचं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये मान ताठ ठेवून त्या सांगायच्या, "आमची न्हाणी कोरडी ठणठणीत हाय. त्यांचाच स्लॅब कच्चा, त्याला मी काय करू?" घ्या! छतावरचा तपकिरी डाग ऋतूमागून ऋतू पसरत गेला आणि आमचं बोलणं कायमचं बंद झालं.

अशात वाघमारे सरांनी हा छोटा गानवृंद काढला. सर निवृत्त संगीतशिक्षक. कोकणातून, देशावरून, मुंबईतून येऊन इथे फ्लॅट घेतलेली माणसं एकमेकांचे आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकतात, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. म्हणून मोजके गळे, चार वेगवेगळे सूर, साथीला एकही वाद्य नाही आणि एकट्याने कुणी मिरवायचं नाही. नियम एकच, पण कडक : शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. आळीपाळीने घ्यायचा, म्हणजे लांबवलेला सूर कुठेच तुटत नाही.

सगळ्यात खालचा सूर आम्हा दोघींचाच. माझं नशीब! मी जागा बदलून मागितली, तर सर हसले. "गोडीगुलाबीने राहा असं मी कुठं म्हणतोय? सूर तुटू देऊ नका, बस्स."

मग काय, जिचं तोंड बघायची इच्छा नाही तिच्या श्वासांचा अभ्यास करत बसले. श्वासाआधी त्यांचा अंगठा पदराच्या काठावर दाबला जायचा, डावा खांदा किंचित उचलला जायचा, मग शिट्टी; त्या भरून घेत तोवर मी सूर धरून ठेवायचा आणि त्यांचा आवाज पुन्हा लागला की मी श्वास घ्यायचा. माझ्या नवऱ्याचा श्वाससुद्धा मला एवढा पाठ नाही.

गेल्या शरदात ती शिट्टी लवकर यायला लागली. आधी ओळीच्या शेवटी, मग मध्यावर, मग पुन्हा पुन्हा. त्यांच्या घरातल्यांच्याही आधी मला कळलं. एकदा जिन्यात राहवेना, अबोला मोडून मी म्हणाले, "तुम्हाला श्वास पुरत नाहीये. डॉक्टरला दाखवा."

"तुम्ही आधी तुमचं छत दाखवा कुणाला तरी."

असली बाई! दाखवलं त्यांनी, पण फार उशिरा. फुप्फुसं निकामी होत आली होती. तरीही नेरूळच्या कार्यक्रमाला हट्टाने उभ्या राहिल्या. शेवटच्या गाण्याच्या शेवटी तो लांब सा. अंगठा काठावर दाबला गेला, शिट्टी वाजली, आणि त्यामागून सूर आलाच नाही. ओठ नुसते उघडे. आता श्वास घ्यायची माझी पाळी होती. छातीत आग पेटली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी सूर सोडला नाही. त्यांच्यासाठी? छे, मुळीच नाही. पण सूर तुटला नाही.

कठड्याला धरून पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या, "शेवटी चढला होता तुमचा सूर." आभार वगैरे राहू द्या!

चैत्रात त्या गेल्या. मुलाने वरच्या घराला कुलूप लावलं. तिथे आता नळ वाहत नाही. ज्यासाठी मी इतकी भांडले ते माझं छत कोरडं ठणठणीत झालं आहे, आणि त्या कोरडेपणाकडे पाहिलं की मला संताप येतो. रंगारी डागावर हात मारू का विचारत होता, त्याला मी हाकलून दिलं.

शेजारी आता नवी बाई उभी राहते. गोड आहे, माझ्याशी छान बोलते, श्वास कुठेही घेते. लांब सा येतो, खाडीवरचा उजेड मावळत जातो. माणूस निघून जातं, पण त्याने अडवलेली जागा काळालाही रिकामी करून घेता येत नाही; त्या शिट्टीच्या ठिकाणी मी आजही श्वास न घेता सूर धरून ठेवते, आणि ती वाजत नाही म्हणून मनातल्या मनात पेडणेकरबाईंशी कडाकडा भांडते.