एकच डोस

“हातात न्हाई का मिळायचं औषद?” सगुणाबाईनं पुन्हा विचारलं.

“नाही. अफूचं औषध जनावराच्या घशात, तेही माझ्यासमोर. नियम आहे,” उपेंद्र कंपौंडर म्हणाला.

भोरच्या गुरांच्या दवाखान्यात हा नियम आला तो उपेंद्रमुळेच. गेल्या भातलावणीत एका बाईनं गाईच्या नावानं त्याच्याकडून औषध नेलं आणि पाजलं तान्ह्या पोराला, बांधावर गप झोपावं म्हणून. पोर उठलंच नाही. तेव्हापासून डॉक्टर वेल्ह्याला फिरतीवर गेले, की पोटशुळावरच्या या औषधाचा एकच डोस बाहेर ठेवत आणि कपाटाची किल्ली सोबत नेत.

सगुणाबाई उत्रोलीहून बैल घेऊन आली होती. बैल पोटानं बेजार आहे म्हणत होती, आणि बैल दारात निवांत रवंथ करत उभा! उपेंद्र मनात म्हणाला, ताकाला येऊन भांडं लपवतेय. स्वतःच अफू खात असणार. हिला अद्दल घडवायलाच हवी.

त्यानं बैलाचं तोंड वर केलं आणि बांबूच्या नळीनं सगळा डोस घशात ओतला.

सगुणाबाई बघत राहिली. मग पुढं होऊन तिनं बैलाच्या ओठांवरून ओघळलेलं औषध पदराच्या टोकानं टिपलं, नळीही आतून पुसून घेतली आणि ते टोक मुठीत धरलं.

“हे काय करतेस?”

“धन्याच्या पोटात गाठ हाय. तीन रोज वरडत्यात. मोठ्या दवाखान्यात म्हनले, घरी न्या आता. अफूच्या दुकानाचा ठेकेवाला सरकारी पासाबिगर देत न्हाई.” ती रडत नव्हती. “खरं सांगितलं असतं, तर दिलं असतं का तुमी?”

दिलं नसतं. उपेंद्रला ते पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला शरम वाटली. आता द्यायचं म्हटलं तरी कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे होती आणि ते परवा येणार होते.

“चोखाया तरी हुईल,” म्हणत तिनं दावं ओढलं. चैत्रातलं ऊन रणरणत होतं. बैल निघाला, पण बैलाच्याच चालीनं. ती दावं ओढी, आणि पुन्हा मुठीकडं बघे.

उपेंद्र अनवाणीच धावला. त्यानं तिच्या हातातून दावं घेतलं.

“बाई, तुम्ही पुढं व्हा. बैल मी आणतो.”

ती मूठ छातीशी धरून पळत सुटली. पन्नाशीची बाई होती. पदर वाळायच्या आत तिला उत्रोली गाठायची होती.