सुकाणूची शिवण

अनसूयेने सुई कापडातून आरपार ढकलली आणि ती थांबली. पलीकडून सुई ओढली गेली. मेण लावलेला दोरा तिच्या बोटांतून सरसरत गेला, ताणला गेला आणि दोन बोटांच्या अंतरावर सुईचं टोक पुन्हा तिच्या बाजूला आलं. तिने गाठ मारून अंगठ्याने दाबून पाहिली.

“बसली?” पलीकडून जानरावने विचारलं.

“बसली.”

दोघांच्या मधे विमानाच्या शेपटीचं सुकाणू उभं होतं. पुरुषभर उंचीचं, लाकडी घोडीला बांधलेलं, दोन्ही अंगांनी पांढरं कापड चढवलेलं. हे कापड आतल्या फासळ्यांना शिवायचं तर दोन माणसं लागत, एक अलीकडे आणि एक पलीकडे. तोंडं दिसत नसत. त्यामुळे असेल, पण अनसूया इथे जितकं बोले तितकं घरी महिन्याभरातही बोलत नसे.

“यात माणसं किती बसतात?” तिने विचारलं.

“एकच. लढाईचं विमान ते. एकट्याचंच रायते.”

“मग तुम्ही?”

“जमिनीवर बसलो ना. इंजिन तपासाले. वर नाही गेलो कधी.” सुई आली. “ब्रह्मदेशात रोज सकाळी बारा विमानं सोडत होतो. संध्याकाळी मोजत होतो.”

तिने गाठ मारून अंगठ्याने दाबली.

लढाईच्या दिवसांत हे हरिकेन विमान इंजिन बंद पडून अकोल्याजवळ शिवणीच्या धावपट्टीवर कसंबसं उतरलं होतं. लढाई संपली, गोरे गेले, आणि विमान टिनाच्या शेडमध्ये तसंच राहून गेलं. वीस वर्षं त्यात कबुतरं नांदली. मग दिल्लीतल्या कुणा अधिकाऱ्याच्या मनात आलं, की ही जुनी विमानं पुन्हा उडती करावीत. याच जातीच्या विमानावर काम केलेला फिटर म्हणून जानरावचा शोध लागला. तेव्हा तो अकोटला एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळत होता. वर्षभर तो शेडमध्येच राहिला, तिथेच रांधून खाई. इंजिन दिवाळीतच बोललं. अडलं ते कापडाशी. गावातल्या तीन शिंप्यांनी शिवून दाखवलं, ते त्याने तिथेच उसवलं. एके दिवशी रस्त्याने जाणाऱ्या शाळकरी मुलीच्या झग्यावरची शिवण पाहून तो थबकला, कोणी शिवलं ते विचारलं आणि रामदासपेठेत रविकांत वकिलांच्या दारात येऊन उभा राहिला.

“माणसाचा कपडा उसवला त लाज जाते,” तो ओसरीखालूनच अनसूयेला म्हणाला होता. “हा उसवला त जीव जाते. शिवान का तुमी?”

वकिलांची ही धाकटी बहीण चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली होती. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. तिच्या हातात काही जिवाचं आहे असं त्या चौदा वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने भावाला विचारण्याआधीच हो म्हटलं.

आधी विमानाच्या पोटाचं कापड झालं, मग शेपटीचे आडवे पंख. दुपारचा टांगा तिला शिवणीला सोडी आणि ऊन कलायच्या आत घेऊन येई. शेडच्या दाराशी चौकीदार नत्थुजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेला असे. तरीही व्हायची ती चर्चा झालीच.

“अनू, हे पुरे आता,” एका रात्री जेवताना रविकांत म्हणाला. “बाररूममध्ये लोक मला विचारतात. आणि तो माणूस कुठला, कोणाचा, ठाऊक आहे ना तुला?”

“पातूरचा आहे.”

“मी काय विचारतोय ते कळतंय तुला.”

“कळतंय. छप्पन साली दीक्षा घेतली त्यांनी. त्यांनीच सांगितलं.” तिने त्याच्या पानात भाजी वाढली. “काम घेतलंय दादा, ते पुरं करीन.”

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. निरोप असला तर मुलांकरवी देई. वहिनी बोले, पण दुसरीकडे पाहून.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीहून जाड लिफाफा आला. जानरावने तो तिच्यासमोर उघडला आणि वाचायला तिच्या हातात दिला. येत्या रविवारी नागपूरहून वैमानिक येईल, विमान नागपूरला आणि तिथून दिल्लीला नेईल. जानराव यांनी आगगाडीने पाठोपाठ यावे. आणखी चार विमानं वाट पाहत आहेत. राहायला खोली मिळेल.

“चांगलं झालं,” ती म्हणाली.

“हो, चांगलंच म्हणा लागन.” त्याने लिफाफा घडी करून खिशात ठेवला. तो ठेवताना खिशाचं तोंड त्याला दोनदा सापडलं नाही.

शुक्रवारी शेवटची फासळी शिवून झाली. आता फक्त कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि वरून रोगणाचे हात द्यायचे. ते वाळलं की कापड ढोलकीसारखं तडतडीत होई आणि टाके त्याखाली कायमचे झाकले जात. जानरावने रोगणाचा डबा उघडला. पिकल्या केळ्यांसारखा उग्र वास शेडभर पसरला.

अनसूया सुया पुसून डबीत ठेवत होती. तिने डबी मिटली.

“सहावी फासळी ढिली आहे,” ती म्हणाली.

जानरावने ब्रश खाली ठेवला.

“कुठं?”

“मधे. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. दोन-तीन गाठी बसल्या नसतील.”

तो सुकाणूपाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि सहाव्या फासळीवरून अंगठा फिरवू लागला. वरून खाली, एकेका गाठीवर थांबत, दाब देत. मग पलीकडच्या बाजूला जाऊन तेच. अनसूया त्याच्या अंगठ्याकडे पाहत उभी होती. एकही गाठ हलली नाही. बाहेर नत्थुजीच्या सुपात शेंगांचे दाणे पडत होते.

पलीकडून त्याच्या उठण्याची चाहूल आली.

“हो,” मग त्याचा आवाज आला. “ढिली आहे.”

तो इकडे आला तेव्हा त्याच्या हातात पातं होतं. महिन्याभरापूर्वी पोटाच्या कापडाची एक ओळ त्या दोघांनी अशीच उसवून तासाभरात पुन्हा घातली होती. अनसूयेने दोऱ्याचं रीळ उचललं.

“एका फासळीनं नाही भागत बाई,” तो म्हणाला. तिच्याकडे न पाहता त्याने कापडाच्या वरच्या कोपऱ्यात पातं घातलं. “आख्खंच नव्यानं करा लागते. आठ दिवस तरी लागतीन. नागपूरले तार करतो मी, का रविवारी येऊ नका.”

कापड उभं चिरत गेलं.

ते आठ दिवस दोघं फारसं बोलले नाहीत. सुई जाई, सुई येई. एकदा तिने विचारलं, दिल्लीला थंडी फार असेल ना. तो म्हणाला, असन. एकदा त्याने सांगितलं, की तो आघाडीवर असताना त्याची बायको गेली, कळवणारं पत्र चार महिन्यांनी पोचलं, तोवर तो तिला पत्रं लिहीतच होता. अनसूयेच्या बाजूला सुईचं टोक आलेलं होतं. तिने ते धरून ठेवलं, लगेच ओढलं नाही. पलीकडूनही कोणी घाई केली नाही.

नवव्या दिवशी वैमानिक आला. तिशीतला, हसरा माणूस. त्याने सुकाणू हाताने हलवून पाहिलं, कापडावर टिचकी मारली आणि कान देऊन आवाज ऐकला. मग जानरावकडून नोंदवही घेतली.

“कापडाचं काम कोणी केलं? सही लागेल.”

जानरावने अनसूयेकडे बोट केलं. वैमानिकाने भुवया उंचावल्या, मग टोपी काढून वही तिच्यापुढे धरली. तिने लिहिलं, अनसूया. पुढे वडिलांचं नाव की नवऱ्याचं, म्हणून लेखणी जरा थांबली. तिने तेवढंच ठेवून वही परत दिली.

इंजिन धडधडलं तशी शेडमधली उरलीसुरली कबुतरं उडाली. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धूळ उडवत समोरून गेलं आणि अनसूयेला कळायच्या आत जमिनीवरून सुटलेलं होतं. त्याने गावावरून एक वळण घेतलं. वळताना सुकाणू डावीकडे झालं, मग सरळ. तिने श्वास सोडला. नत्थुजी पोरासारखा टाळ्या वाजवत होता. जानराव मात्र डोळे मिटून उभा होता. तो आवाज ऐकत होता आणि इंजिन ऐकू येईनासं होईपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.

त्याची गाडी दोनची होती. टांग्यात पत्र्याची पेटी आणि वळकटी चढली. शेडमध्ये तेलाचा काळा डाग आणि लाकडी घोडी एवढंच राहिलं होतं. तिचा टांगा अजून यायचा होता.

तो तिच्यापासून चार हातांवर येऊन उभा राहिला.

“जातो बाई,” तो म्हणाला.

जातो म्हणू नये, येतो म्हणावं. ती भाच्यांना रोज हे म्हणायची. दारावरून उठून चाललेल्या भाजीवालीलाही म्हणायची, न चुकता, विचार न करता. ते शब्द तिच्या ओठांशी आले.

टांगेवाल्याने लगाम सैल केले. जानराव अजून उभाच होता.

“हो,” अनसूया म्हणाली. “जपून जा.”