गप्प बसण्याचा आकार

पौडच्या बाजारपेठेत एसटी स्टँडकडून आत वळलं की डाव्या हाताला नाझनीनचं दुकान लागतं. पाटीवर आता इंटरनेट सेवा असं लिहिलेलं असलं तरी जुनी माणसं त्याला अजून सलीमभाईचं बूथच म्हणतात, कारण एके काळी तिथे तिच्या अब्बांचा एसटीडी होता. काचेची केबिन, आत एक स्टूल, भिंतीला लावलेलं मीटर आणि त्यावर पळणारे लाल आकडे. शाळा सुटली की नाझनीन काउंटरखाली बसून गृहपाठ करायची, आणि केबिनचं दार कधी नीट लागत नसल्यामुळे खोऱ्यातल्या निम्म्या घरांची सुखदुःखं तिच्या कानांवरून जायची. बोलता बोलता माणसं गप्प होत. कुणाला रडू फुटे, कुणाला पुढचं सुचत नसे, कुणी नुसतंच पलीकडच्या श्वासाला कान लावून बसे. लाल आकडे मात्र पळतच राहत. अब्बा ते काचेतून बघत असायचे आणि माणूस बाहेर आला की अंदाजाने काहीतरी वजा करूनच पैसे घ्यायचे. "बोलण्याचे घ्यावेत," ते म्हणायचे, "गप्प बसण्याचा आकार लावणारे आपण कोण?"

अब्बा गेले, बूथही गेलं. बालेवाडीकडे सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेल्या धाकट्या भावाला, शहनवाजला हाताशी धरून नाझनीनने डोंगरमाथ्यांवर छोट्या तबकड्या बसवल्या आणि जिथे मोठ्या कंपन्यांची तार कधी पोचणार नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर इंटरनेट नेलं. तिथल्या लोकांना महिन्याचा मोठा पॅक घेऊन काय करायचं होतं? म्हणून तिने वापराल तेवढाच आकार ठेवला. चित्रांचा वेगळा, बोलण्याचा वेगळा, आणि घर बंद करून कुणी चार दिवस पाहुण्यांकडे गेलं तर काहीच नाही. वस्तीवरच्या घरांना आपसात बोलता यावं म्हणून शहनवाजने एक साधं अ‍ॅप केलं, तेव्हा तिने अब्बांचा नियम त्यात घालायला लावला. माणसाचा आवाज असेल तेवढंच बोलणं मोजायचं. वारा, भांडी, जनावरं आणि शांतता, हे सगळं फुकट. शहनवाज आधी हसला होता. मग महिनाभर खपून त्याने ते जमवलं, आणि जमल्यावर दोघं बहीणभाऊ दुकानात बसून उगाचच खूप वेळ गप्प राहिले होते, आकडा हलत नाही ना हे बघत.

या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा कुणी घेतला असेल तर तो धरणाच्या वरच्या अंगाला, धनगरवाड्यावर राहणाऱ्या धुळाजी आणि बानूबाईने. त्यांचा शेळ्यांचा गोठा घरापासून हाकेपलीकडे, ओढ्याच्या कडेला होता. बिबट्याचा वावर वाढला तसा धुळाजी गोठ्यातच निजायला जाऊ लागला, आणि मुलाने, सूरजने, दोन जुने फोन आणून एक घरात चुलीजवळच्या फडताळावर आणि एक गोठ्यातल्या मेढीला बांधून दिला. दोन्हींमधला कॉल कायम चालू. जनावर आलं तर हाक मारता यावी, एवढाच हेतू. पण त्या दोघांना बोलायची सवय लागली. "उभा जन्म येका घरात काढला," एकदा दुकानात आलेला धुळाजी लाजत सांगत होता, "पन बोलनं असं आत्ताच चाललंय बघ, पोरी. समोर आसली की सुचत न्हाई." त्यांचं ते बोलणं म्हणजे तरी काय, एक वाक्य, मग लांबलचक काहीच नाही, मग दुसरं वाक्य. त्यांचा आकार इतका कमी यायचा की नाझनीनला तो पडद्यावर बघताना अब्बांची आठवण होई आणि बरं वाटे.

गेल्या थंडीत धुळाजी गेला. शेळ्या विकल्या. बानूबाईने फोन मात्र काढू दिले नाहीत, आणि सूरजनेही आग्रह केला नाही.

सूरज उरवड्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होता आणि बायको समीक्षासह बावधनला राहत होता. आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या दिसू लागल्या होत्या तेव्हा एका दुपारी तो दुकानात आला आणि खुर्चीवर न बसताच म्हणाला, "ताई, आईच्या घरचं बिल केवढं आलंय, बोलणं बघा जरा. कोण बोलतंय तिच्याशी एवढं?"

नाझनीनने पडदा उघडला. घराकडून बोलणं शून्य होतं. सगळं बोलणं गोठ्याकडून आलेलं होतं. आधी थोडं, मग रोज, आणि अलीकडे तर दिवसाचा बराचसा वेळ.

"गोठा रिकामा आहे ना?"

"कुलूपसुद्धा नाही. काय आहे त्यात लावायला?" सूरज आता बसला. "हल्ली म्हाताऱ्या माणसांना फोनवर गुंतवून ठेवतात ताई, तासन् तास. आमच्या कंपनीतल्या एकाच्या सासऱ्याची जमीन गेली अशी. आईच्या नावावर वस्तीची जागा आहे. तुम्ही लाइन तोडा, मी तिला रविवारी घेऊन जातो."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणते, मी कुणाशी बोलत नाही. आणि ते खरंच आहे ना, बघा की. शून्य."

तो गेल्यावर तिने शहनवाजला फोन लावला. ओढ्याचा आवाज असेल, रातकिडे असतील, पत्रा वाजत असेल, अशी सगळी कारणं तिनेच त्याला सुचवली. त्याने नोंदी तपासल्या, पुन्हा तपासल्या, आणि जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "नाही आपा. माणूसच आहे. आणि बाहेरून कुणी लाइनवर आलेलं नाही. तो कॉल घर ते गोठा, एवढाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून नाझनीन स्कूटरवरून निघाली. धरणाचं पाणी खूप आत गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या लाल मातीवर जुन्या बांधांच्या रेघा दिसत होत्या. वर चढताना करवंदीच्या जाळ्यांचा वास येत होता. लहानपणी अब्बांबरोबर ती याच वाटेने यायची. कुणाच्या मुलाचा फोन येऊन गेला, कुणाला नातू झाला, असे निरोप अब्बा फटफटीवरून पोचवत आणि त्या बदल्यात तिला कुणी ना कुणी ताक देई. त्या वेळी डोंगरातली घरं किती लांब वाटायची, आणि तरीही किती ओळखीची.

बानूबाई ओट्यावर बसून वाळलेल्या शेंगा सोलत होती. नाझनीनला बघून तिचा चेहरा फुलला. "सलीमभाईची लेक न्हवं तू? ये, ये. च्या टाकते."

"मावशी, राहू दे चहा. सूरजने पाठवलंय मला."

"म्हाईत हाय. बावधनला न्यायचं म्हनतोय. तितं काय करू मी, लिफ्टमंदी बसू?" ती हसली आणि चुलीकडे गेलीच.

फडताळावर तो फोन होता. कडेचं प्लास्टिक उडालेलं, पाठीला गोधडीचा तुकडा लावलेला. कॉल चालू होता. नाझनीनने विचारलं, "मावशी, ह्यात काय ऐकू येतं गं?"

"काई न्हाई." बानूबाईने साखरेचा डबा उघडला. "गप असतंय."

नाझनीनने फोन कानाला लावला. खरोखर काहीच नव्हतं. उन्हाळ्यातल्या दुपारची, उघड्यावरची, रुंद शांतता. तिने स्वतःच्या फोनवर हिशेबाचा पडदा उघडला. गोठ्याकडचा आकडा चालत होता. घाई न करता, मध्ये थांबत, पुन्हा चालत, असा. तिला तो चालण्याचा ढंग ओळखीचा वाटला. एक वाक्य, मग लांबलचक काहीच नाही, मग दुसरं वाक्य.

चहा पिऊन नाझनीन उठली. "गोठ्यातला फोन बघून येते," असं म्हणाली तेव्हा बानूबाईचा हात शेंगांवर जरासा थांबला, मग ती पुन्हा सोलू लागली.

ओढ्याच्या कडेने वाट होती. गोठ्याचा झाप अर्धा उघडा होता. नाझनीन बाहेर उभी राहिली, हातातल्या पडद्याकडे बघत. आकडा चालत होता. ती झाप लोटून आत गेली, आणि आकडा थांबला.

आत थंड होतं. लेंड्यांचा जुना, कोरडा वास होता. मेढीला सुतळीने बांधलेला फोन, खाली गुंडाळून ठेवलेलं घोंगडं, कौलांच्या फटीतून आलेलं ऊन. माणूस लपेल अशी जागाच नव्हती. तिने तरीही कोपरे पाहिले. मग ती बाहेर आली, आणि थोड्या वेळाने आकडा पुन्हा चालू लागला. पुन्हा आत गेली. थांबला. एखाद्या घरात आपण पाऊल टाकावं आणि आतल्यांनी बोलणं मध्येच सोडावं, तसा.

तिला भीती वाटली नाही, याचं तिलाच नवल वाटलं. उलट डोळे भरून आले. सवयच लागली होती म्हाताऱ्याला, तिच्या मनात आलं. जन्मभराचं राहिलेलं बोलणं आता कुठे सुरू झालं होतं. ते एवढ्यात कसं संपेल?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सूरज होता. कोण सापडलं, कुणाचा नंबर आहे, पोलिसांत द्यायचं का, तो एका दमात बोलत राहिला, आणि ती मेढीला टेकून "हूं... हूं..." करत ऐकत राहिली.

"कुणी नाही रे," शेवटी ती म्हणाली. "आमच्याच मोजणीत चूक आहे. शहनवाज दुरुस्त करेल. लाइन राहू दे. आकार लावणार नाही मी."

"नक्की ना ताई?"

"हूं."

त्याचा जीव भांड्यात पडलेला तिला ऐकू आला. ती घराकडे परतली तेव्हा खूप हलकं वाटत होतं. बानूबाईने ताकाचा पेला तयार ठेवला होता. नाझनीनने ते उभ्यानेच प्यायलं, ओठ पुसले, आणि न राहवून तिचा हात हातात घेतला.

"मावशी, मी सूरजला काही सांगितलं नाही. काका बोलतात ना तुझ्याशी?"

बानूबाईने आत फडताळाकडे एकदा नजर टाकली, आणि मग तिचा आवाज अगदी खाली आला.

"ह्यांचा आवाज मला वळखू येनार न्हाई व्हय, पोरी? त्ये ह्ये न्हाईत."

"मग कोण आहे?"

"इचारलं न्हाई कदी. ह्ये गेल्यावर आलंय. ह्यांच्यासारखंच बोलाया बगतंय, थांबून थांबून. पन न्हाई जमत त्येला." तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "मी फोन बंद करत न्हाई, का? तितं बोलत हाय तवर तितंच हाय, येवढं तर कळतंय. आन मी नुसती ऐकते. हूं पन म्हनत न्हाई. हूं म्हटलं की येतंय जवळ." मग तिने नाझनीनचा हात घट्ट धरला. "तू आत काई बोलली न्हाईस न्हवं?"

नाझनीनने हातातल्या पडद्याकडे पाहिलं. ती गोठ्यातून निघून बराच वेळ झाला होता. गोठ्याकडचा आकडा हलत नव्हता.