चौकशी खिडकीसमोरचा चेहरा

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या बाईंनी चार महिन्यांची रजा घेतली, ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, असं सगळ्यांना सांगून. खरं दुखणं फक्त धाकट्या बहिणीला ठाऊक होतं. दवाखान्यात सोबत तीच जायची, कागद तीच भरायची, उलटीचं भांडंही तीच धरायची. केस गेले त्या दिवशी तिनं ताईचा फोटो काढला.

"कुणाला दाखवणार नाही गं. बरी झालीस की दोघी बघून हसू."

रजा संपली त्या सोमवारी बाई विग घालून कामावर आल्या. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर गाड्यांच्या वेळा आणि मधूनमधून जाहिराती चालू होत्या. अकराच्या सुमारास एका म्हाताऱ्यानं गाडी विचारली, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा बाईंकडे पाहिलं.

"बाई, त्या तुम्हीच ना?"

स्क्रीनवर बाईंचंच बोडकं डोकं होतं, माणसाच्या उंचीएवढं. सुजलेले डोळे. खाली कॅन्सर तपासणीच्या जाहिरातीची अक्षरं : 'हिनं उशीर केला. तुम्ही करू नका.'

"सहा नंबरला लागेल तुमची गाडी," बाई कशाबशा म्हणाल्या आणि खिडकी बंद केली.

बहीण जाहिरात कंपनीत होती. बाई तडक तिच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, फोटो वापरायला तू सही केली होतीस. दवाखान्याच्या कागदांबरोबर."

"तू बोट ठेवलंस तिथं मी सही केली."

"चार जणी तपासायला गेल्या तर चांगलंच ना?"

"मग स्वतःचं डोकं भादरून उभी राहायचीस! आणि उशीर? गाठ हाताला लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघी डॉक्टरांकडे गेलो होतो."

बहीण खाली मान घालून म्हणाली, "उशीर म्हटल्याशिवाय लोकांना धाक बसत नाही. साहेबांना ते वाक्य फार आवडलं."

"आणि तुला?"

तिनं फोन जवळ ओढला. म्हणाली, "काढायला लावते. दोन दिवस लागतील."

त्या दोन दिवसांत बाईंनी रजा घेतली नाही. विग पर्समध्ये कोंबला आणि उघड्या डोक्यानं खिडकीत बसल्या. कुणी टकमक बघितलं की म्हणायच्या, "हो, मीच. आणि उशीर केलेला नाही. कुठली गाडी हवी?" एक कंडक्टरीण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन आत आली आणि काही न विचारता शेजारी बसली. बाईंना पहिल्यांदाच रडू फुटलं.

तिसऱ्या दिवशी त्या जागी गाद्यांची जाहिरात लागली.

पुढच्या तपासणीच्या सकाळी बहीण फाईल घेऊन दारात हजर. बाईंनी फाईल तेवढी काढून घेतली.

"मी येते ना, ताई."

"नको. कंडक्टरीण येतेय."

दवाखान्यात बाईंनी चष्मा लावून प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून वाचला. मागची रांग कुरकुरली. बाईंनी सावकाश पान उलटलं.