नवऱ्याचं शहर

दुकानातल्या बाईनं दोन्ही तागे पुन्हा उलगडले आणि जांभळा द्यायचा की हिरवा, असं जरा त्रासिकपणे विचारलं. आम्फायला दोन्ही हवे होते. नवऱ्याला विचारावं म्हणून ती वळली. विचारायचं म्हणजे कापडं त्याच्यासमोर धरायची आणि त्याची नजर कुठल्यावर थांबते ते बघायचं. वर्षभर ती त्याला सगळं असंच विचारत आली होती. पण दुकानाच्या दारात त्याला बसायला दिलेलं प्लास्टिकचं स्टूल रिकामं होतं.

कापड तसंच टाकून ती बाहेर धावली. बँकॉकच्या साम्फेंग बाजारातली ती गल्ली इतकी अरुंद, की समोरून हातगाडी आली तर माणसांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. हेअरपिना, बटणं, चपला, खेळणी यांच्या ढिगांमधून माणसं एकमेकांना रेटत होती. त्या गर्दीत तिला लांबवर विचियनची पांढरी टोपी दिसली. उजवा पाय फरफटत, काठी टेकत तो चालला होता. घरून गावातल्या बाजारापर्यंत जायला ज्याला वाटेत तीनदा बसावं लागायचं, तो माणूस आता मागे वळूनही न बघता निघाला होता.

तिनं त्याला गाठलं, दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला.

"अहो, कुठं निघालात? हरवाल ना."

त्यानं फक्त पुढं बोट केलं.

मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिला बरंच वाटलं. विचियननं उमेदीची सारी वर्षं गावाकडं, सुफानबुरीच्या तांदळाच्या गिरणीचा ट्रक चालवण्यात घालवली होती. आठवड्यातून दोनदा पोती भरून बँकॉकच्या नदीकाठच्या गोदामांकडे जायचं आणि दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन परतायचं. लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्फाय मागे लागायची, मला एकदा ट्रकमध्ये बसवून न्या, मोठा निजलेला बुद्ध बघायचाय. तो म्हणायचा, काय ठेवलंय तिथं, धूर नि चोर. देवळाच्या कमिटीच्या बायका दोनदा सहल काढून जाऊन आल्या, तेव्हाही त्यानं तिला जाऊ दिलं नाही. पुढं तिनं विचारणंच सोडलं. पहाटे उठून नारळ खवायचे, केळीच्या पानात गोड पदार्थ उकडायचे आणि बाजारात नेऊन विकायचे, यात तिचे दिवस जात होते.

मग तो गिरणीच्या अंगणातच कोसळला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. अंग हळूहळू थोडं परत आलं, वाचा काही आली नाही. दवाखान्यातल्या मुलीनं शिकवलं होतं, की जवळच्या माणसाच्या नावापासून सुरुवात करा. रोज संध्याकाळी आम्फाय त्याच्यासमोर आरसा धरून बसायची. आम्-फाय. ओठ मिटा, आता उघडा. तो तिच्या ओठांकडे बघत राहायचा, कपाळाच्या शिरा फुगायच्या, आणि "आ" एवढंच बाहेर यायचं. बाजारातल्या बायकांना ती सांगायची, माझं अर्धं नाव घेतात आता.

त्याच मुलीनं सांगितलं, की ओळखीच्या जागा दाखवल्या तर कधीकधी फरक पडतो. तेवढं निमित्त आम्फायला पुरलं. नणंद म्हणाली, त्याला माझ्याकडे ठेव नि तू एकटी जाऊन ये. आम्फायनं ऐकलं नाही. त्याला घेऊनच सकाळच्या व्हॅननं ती निघाली. त्या शहरातून एकदा तरी त्याच्याबरोबर चालावं असं तिच्या मनात होतं, पण हे ती कुणाला बोलली नव्हती.

म्हणून आता ती त्याच्या मागोमाग मुकाट्यानं चालू लागली. तो एका बोळात वळला, तिथून दुसऱ्यात. कुठं थांबला नाही, कुठं चुकला नाही. सुक्या मिरच्यांचा आणि कांद्याच्या पोत्यांचा वास यायला लागला, आणि ती दोघं गोदामांच्या रस्त्यावर आली. मधल्या फटींतून नदी दिसत होती.

"इथंच यायचात का गाडी घेऊन?" तिनं विचारलं. तिला वाटलं, तो आपल्याला दाखवायला आणतोय.

एका जुन्या गोदामाच्या पडवीत नूडल्सची गाडी होती. चार टेबलं, वर ताडपत्री. पन्नाशीची, अंगानं भरलेली एक बाई उकळत्या रश्शात पळी ढवळत होती. विचियन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आणि म्हणाला,

"नुआन."

स्वच्छ म्हणाला. आधीच्या विचियनच्या आवाजात.

आम्फायच्या डोळ्यांत पाणीच आलं. बोलला. वर्षानंतर बोलला. काय बोलला याच्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, अहो, पुन्हा म्हणा. तो पुन्हा म्हणाला. तेव्हा तिला दिसलं, की त्या बाईच्या हातातली पळी रश्शात बुडालीय आणि ती दोन्ही हात तोंडावर दाबून उभी आहे.

त्या बाईनं गॅस बंद केला. टेबलावर जेवत बसलेल्या हमालाला तिनं उठून पलीकडे बसायला सांगितलं, विचियनच्या काखेत हात घालून त्याला खुर्चीवर टेकवलं, त्याचा वाकडा हात उचलून टेबलावर ठेवला आणि त्या हातावर कपाळ टेकून रडायला लागली. आम्फाय तिथंच उभी होती. कुणीतरी तिच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

"ए चियन, मला वाटलं तू मेलास," ती बाई म्हणत होती. "नव्या ड्रायव्हरांना विचारलं, ते म्हणाले तो आता येत नाही. एवढंच म्हणाले रे."

चियन. आम्फायनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. त्याच्या आईला ते खपलं नसतं.

बऱ्याच वेळानं त्या बाईनं तोंड पुसलं आणि तिच्याकडे वळून हात जोडले. "ताई, तुम्ही त्याची बहीण का?"

"बायको."

नुआनचा चेहरा उतरला. ती आम्फायकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. पायांकडे जरा जास्तच वेळ.

"तुम्ही चालता?" तिनं विचारलं.

मग थोडंथोडं बाहेर आलं. विचियनला बायको आहे हे नुआनला ठाऊक होतं. पण ती अंथरुणाला खिळलेली आहे, अंगात ताकद नाही, तिला टाकता येत नाही, असं विचियननं तिला सांगितलं होतं. मोठा पूर आला त्याच्याही कितीतरी आधीपासून तो इथं मुक्कामाला असायचा. गोदामाच्या वरच्या खोलीत दोघं राहायची. नुआन कधीकधी त्याच्याबरोबर आजारी बायकोसाठी गोड लिंबं पाठवायची. ती लिंबं आम्फायला आठवली. बँकॉकहून आणली म्हणून तिनं ती शेजारणींना दाखवली होती.

विचियन दोघींच्या मध्ये बसला होता. त्याला सगळं कळत होतं की नाही, सांगता येत नव्हतं. तो नुआनकडे बघून हसत होता. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होता.

आम्फायनं एकच प्रश्न विचारला. "मुलं?"

"नाही झाली," नुआन म्हणाली. "पहिल्या नवऱ्याची एक मुलगी आहे मला. ती सासरी असते. याच्यापासून नाही झालं काही."

आम्फायनं मान हलवली. पर्स खांद्याला अडकवली.

"त्यांना भरव," ती म्हणाली. "मांस बारीक चिरून घाल, ठसका लागतो. मला बुद्ध बघायचाय."

नुआन काहीतरी म्हणत होती. आम्फाय चालू लागली होती. मागून तिला ते एकच नाव पुन्हा ऐकू आलं. तिनं वळून पाहिलं नाही.

धक्क्यावरून ती बोटीत बसली. बोटीतल्या मुलानं हात दिला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या शहरात आपण एकट्या आहोत आणि आपल्याला भीती वाटत नाहीये. विहारात चपला काढून ती आत गेली. निजलेला बुद्ध खरंच एवढा मोठा होता की एका जागेवरून पुरा दिसेना. पायांपासून डोक्यापर्यंत चालत जावं लागलं. लोक भांड्यांत नाणी टाकत होते, त्यांचा छनछन आवाज सगळ्या दालनात भरला होता. ती चेहऱ्यापाशी पोचली. इतकी वर्षं तिनं ठरवून ठेवलं होतं, इथं आल्यावर काय मागायचं. पहिली किती तरी वर्षं ते मागणं मुलाचं होतं. सासू रोज सकाळी तिला कडू मुळ्यांचा काढा प्यायला लावायची आणि ती तो पिईपर्यंत समोर उभी राहायची. वांझोटं झाड तोडतात तरी, असं येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणायची. विचियन तेव्हा ओसरीवर सिगारेट ओढत बसलेला असायचा. तो कधी काही बोलला नाही. दोष आपल्यातच आहे हे त्याला ठाऊक असणार. दुसऱ्या घरीही पाळणा हलला नाही तेव्हा तर नक्कीच कळलं असणार. तरी पुढची सगळी वर्षं तो ओसरीवर गप्प बसून राहिला. सासूच्या शेवटच्या आजारात तिचं हगणंमुतणं आम्फायनंच काढलं होतं, आणि मरताना म्हातारीनं तिच्याकडे क्षमा मागितली नव्हती, उलट तिला क्षमा केली होती.

आम्फायनं हात जोडलेच नाहीत. थोडा वेळ त्या शांत चेहऱ्याकडे बघितलं आणि बाहेर आली.

धक्क्यावर बसून तिनं गार कॉफी घेतली. व्हॅन संध्याकाळी उत्तरेकडच्या स्टँडवरून सुटणार होती. तिला तिथं एकटीनंही जाता आलं असतं. नणंदेला सांगायचं, तुझ्या भावाला त्याच्या घरी सोडून आले. तिनं हे वाक्य मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. छान वाटत होतं. मग तिला आठवलं, की दुपारच्या गोळ्या आपल्या पर्समध्येच आहेत.

ती परत आली तेव्हा गाडीवर गिऱ्हाईक नव्हतं. विचियनची दाढी केलेली होती, अंग पुसून मानेला पावडर लावलेली होती. अंगात निळा चौकडीचा शर्ट होता. त्याचे सगळे शर्ट तिनं हातानं धुतले होते. हा तिनं कधी पाहिला नव्हता. तो टेबलाशी बसून निवडलेली तुळशीची पानं एकेक करून वाडग्यात टाकत होता. घरी तो असं काहीच करायचा नाही, दिवसभर भिंतीकडे बघत पडून असायचा.

आम्फायनं गोळ्या टेबलावर ठेवल्या. "तुझ्याकडे बघून हसतात," ती म्हणाली. "ठेवून घेतेस?"

तिला वाटलं होतं नुआन भांडेल, किंवा आनंदेल. दोन्हीला उत्तर तिनं बोटीत तयार केलं होतं. नुआननं टेबल पुसलं, मग पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

"वर जायला शिडी आहे, ताई," शेवटी ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझे गुडघे गेलेत. दिवसभर इथं उभी असते. त्याला उचलणार कोण, धुणार कोण?" "आणि खरं सांगू? तो मेला असंच धरून मी रडून घेतलंय. पुन्हा नाही जमायचं मला."

"माझं काय जमलं नि काय नाही, ते कुणी विचारलं नव्हतं," आम्फाय म्हणाली. आवाज चढवला नाही.

नुआननं वरून एक पिशवी आणली. त्यात त्याचे कपडे होते, लोकरी टोपी होती. आम्फायनं पिशवी घेतली नाही. ते इथंच राहू दे, म्हणाली.

निघताना विचियननं ताडपत्रीचा बांबू धरून ठेवला. आम्फायनं ओढून पाहिलं, तो सोडेना. त्याच्या चांगल्या हातात अजून चांगलीच ताकद होती. शेवटी नुआनलाच पुढं यावं लागलं. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"जा, चियन. घरी जा. उद्या ये," ती म्हणाली, आणि खोटं बोलल्यासारखं तोंड फिरवून गाडीकडे गेली. त्याला ते खरं वाटलं. तो निमूटपणे टॅक्सीत बसला.

व्हॅन शहराबाहेर पडली तशी बाहेर भातशेतं दिसायला लागली. कापड घ्यायचं राहूनच गेलं होतं. बरेच प्रवासी डोळे मिटून बसले होते. विचियन चुळबुळ करू लागला. आम्फायला ती चुळबुळ ओळखीची होती. घरी असताना तो अशा वेळी खाटेवर हात आपटायचा. आता त्याच्याकडे एक शब्द होता.

"नुआन," तो म्हणाला. तिनं न ऐकल्यासारखं केलं. "नुआन," तो पुन्हा म्हणाला, काकुळतीनं, तिची बाही ओढत.

पुढच्या बाकावरची एक तरुण बाई मागं वळली. मांडीवर खरेदीच्या पिशव्या, चेहरा मायाळू.

"नुआनकाकू," ती म्हणाली, "काका तुम्हाला हाक मारतायत. त्यांना बहुतेक बाथरूमला जायचंय."

आम्फायनं तिच्याकडे पाहिलं. मग विचियनकडे.

"हो," ती म्हणाली. "आले."

तिनं ड्रायव्हरला पुढच्या पेट्रोल पंपावर थांबायला सांगितलं, बाकाखालून काठी काढली आणि त्याच्या काखेत हात घातला.