खदानीच्या तळाशी रूळ

"आजकालचे लोकं नीट बोलतच नाहीत. तोंडात सुपारी धरल्यावानी गुळगुळ करतात नुसते."

दाढी करता करता आमचे यजमान आरशाशी कुरकुरत होते. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर पोळपाट घेऊन बसले होते. डब्यात बेसन देऊ की वांगं, हे माझं दोनदा विचारून झालं होतं. तिसऱ्यांदा मी उठले आणि त्यांच्या खांद्यावरून आरशात वांगंच धरून दाखवलं.

"हो, वांगं दे. त्याच्यात विचाराचं काय आहे?"

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर. यजमान, म्हणजे देवराव, यार्डात शंटिंग जमादार होते. रशियनांच्या मदतीनं उभारलेला जवळचा पोलादाचा कारखाना वाढत होता, कोळशाचे आणि खनिजाचे डबे येतच राहायचे, आणि त्यांची फोडाफोड-जोडाजोड म्हणजे शंटिंग. इंजिन मागून धक्का देतं, जमादार हात दाखवतो, डबा सुटतो आणि आपल्या रुळावर एकटाच घरंगळत जातो. सुटलेल्या डब्याला शिट्टी नसते, धूर नसतो. पाठीमागून आला तर चाकांच्या गुणगुणीवरूनच कळायचं. देवरावांना गेली दोन वर्षं ती गुणगुण कळत नव्हती.

कार्तिकात त्यांच्या हाताखाली रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समननं, नत्थूनं, त्यांना कॉलर धरून रुळावरून ओढलं. डबा सदऱ्याला घासून गेला. यार्डात सगळे हसले, म्हणे जमादारसाहेबांची समाधी लागली होती. संध्याकाळी नत्थू आमच्या ओट्यावर बसून रडला. तेव्हा मीच त्याला म्हटलं, "मार्चात रेल्वेच्या डॉक्टरची तपासणी आहे. तेवढी निभू दे. तोवर तोंड उघडू नको." बावीस वर्षं हातात झेंडी असलेला माणूस एखाद्या ऑफिसच्या दाराशी स्टुलावर बसलेला मला पाहवला नसता. मग नत्थू सावलीसारखा त्यांच्या बाजूनं चालू लागला, मी घरात ओरडून बोलू लागले, शेजारीपाजारी खांद्याला हात लावूनच हाक मारू लागले. ते मात्र लोकांच्या बोलण्याला नावं ठेवत राहिले. असं आमचं सगळ्यांचं छान चाललं होतं.

त्रेसष्टच्या जानेवारीत अरुणकुमार आला. हा माझा चुलतदीर, चोवीस वर्षांचा, कारखान्यात क्लार्क. सहा महिने रशियनच्या वर्गाला बसला आणि तेवढ्या भांडवलावर दुभाषा झाला.

"वयनी, आमच्याकडे एक रशियन साहेब आहे, वालेरी. पाण्याखाली जाते. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून, एकदम मछली जैसा. दर इतवारी जुनवानीच्या पलीकडच्या जुन्या खदानीत. निस्ती मौज म्हणून. त्याले जोडीदार पाहिजे. अकेले उतरना नहीं, असा नियम आहे."

"मग तू जा ना."

"मी? मले बादलीतल्या पाण्याचीबी भीती वाटते."

देवरावांना यातलं किती ऐकू आलं देव जाणे. पण अरुणनं हातांनी टाक्या काढून दाखवल्या, नळ्या दाखवल्या, सूर मारून दाखवला, आणि ते ताठ उठून बसले. "मी येतो," म्हणाले. आम्ही दोघं पवनीचे, वैनगंगेच्या काठचे. पोहायला कधी शिकलो हे आम्हाला आठवत नाही.

खदान दगडाची होती. खणता खणता पाण्याचा झरा लागला तेव्हा सोडून दिलेली. हिवाळ्यात तिचं पाणी काचेसारखं असायचं. वालेरी म्हणजे लाल कानांचा, दारातून वाकून शिरावं लागेल असा माणूस. स्वतःचा एक संच आणि मायदेशी परतलेल्या एका मित्राचा दुसरा, असे दोन संच त्यानं दगडावर मांडले. टाक्यांत काही जादू नव्हती. तुमची-आमची हवाच, पण यंत्रानं दाबून दाबून भरलेली.

त्यानं पहिली गोष्ट काय केली, तर डोळ्यांवर लावायच्या काचेत थुंकला. बोटानं चोळलं, पाण्यात विसळलं, आणि देवरावांना खूण केली, तुम्हीही थुंका.

"असं केलं की काच धुरकट होत नाही म्हणते," अरुण म्हणाला.

थुंकी आपापलीच होती, तेवढं मी चालवून घेतलं. पण दातात धरायच्या नळीचं रबर त्या परतलेल्या मित्राच्या तोंडातलं होतं. मी घरून राख आणि चिंच नेलीच होती. तिथंच बसून रबर खसाखसा घासलं. वालेरी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. नंतर स्वतःचं रबरही पुढं केलं.

पहिल्या रविवारी देवराव बुडेचनात. बूच जसं वर येतं तसे पुन्हा पुन्हा वर. पुढच्या रविवारी कमरेला रूळ जोडायच्या फिशप्लेटचे बोल्ट बांधून गेले, तर थेट चिखलात जाऊन बसले. वालेरीनं एकेक बोल्ट काढायला लावला. शेवटी अशी वेळ आली की ते ना वर गेले ना खाली. पाण्याच्या मधोमध आडवे, हात छातीशी, घारीसारखे स्थिर. मी काठावरून पाहत होते. चाळिशी उलटलेला, गुडघे दुखणारा माझा नवरा तिथं तरंगत होता.

वर आले ते हसतच. "अवो, तिथं कोणी बोलतच नाही! सगळं हातानं चालते. मले एकदाबी विचारा लागलं नाही, काय म्हणते म्हणून."

खरंच होतं ते. वालेरीनं बोट हलवायच्या आत देवरावांना कळायचं. वर ये, थांब, हळू, माझ्याकडे. बावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? अरुण सहा महिन्यांत जेवढं रशियन शिकला नव्हता तेवढं त्यांचं दोन रविवारांत जमलं. घरी येऊन ते जेवताना गप्पा मारू लागले. दोन वर्षांत असं झालं नव्हतं.

"पण आहे काय खाली?" मी ओरडून विचारलं.

"सांगता येत नाही. तूच पाह्य जाऊन."

तिसऱ्या रविवारी मी गेले. खदानीवर चार म्हशी आणि अरुण, एवढंच पाहणारं होतं. अरुणला पाठमोरं बसवलं, म्हशींना काही म्हटलं नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पदर कमरेला आवळला. देवरावांनी तोंडातली नळी काढून माझ्या हातात दिली. तिला राख लावली नाही. जन्मभर त्यांच्या ताटात जेवले, आता नळीची काय शुद्धाशुद्ध.

"साहेब एकच गोष्ट सांगते," अरुण तिकडे तोंड करून म्हणाला. "साँस कधी रोकायची नाही. वर येताना तर बिलकुल नाही. सोडत सोडत यायचं, नाहीतर छातीत हवा फुगते."

डोकं पाण्याखाली गेलं आणि माझा धीर सुटला. नाक बंद, तोंडात रबर, आणि मी मळणीच्या बैलासारखी धापा टाकत होते. वालेरीनं माझं मनगट धरलं. दुसरा तळहात हळू वर नेला, हळू खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. माझा श्वास त्या हातामागून चालू लागला, अंगाई ऐकून मूल निवावं तसा. मग काचेत पाणी शिरलं. त्यानं आधी शिकवलेलं होतं, काच वरून दाबायची, मान वर करायची, नाकानं फुंकायचं. फुंकलं. पाणी खालून निघून गेलं. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की हसू आलं, आणि हसल्यावर पुन्हा पाणी शिरलं.

पुरुषभर खोलीवर कानात सुई शिरल्यासारखं दुखलं. हातभर वर आले, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं. कानात टक् झालं, आणि दुखणं गेलं. पुन्हा थोडं खाली, पुन्हा टक्. प्रत्येक पायरीला एकेक दार उघडावं लागावं, असं ते होतं.

आणि मग मी खाली पाहिलं.

ऊन पाण्यातून पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं आणि हलत होतं. भोवती दगडाच्या भिंती उभ्या, त्यांवर माणसांच्या छिन्न्यांच्या खुणा तशाच, कालच कुणी काम सोडून गेल्यासारख्या. माझ्या तोंडातून सुटलेली हवा चांदीच्या वाट्या होऊन वर चालली होती. आणि चार पुरुष खाली, तळाशी, रूळ होते. खदानीतली ट्रॉलीची बारकी लाइन, खालच्या लाकडी स्लीपरांसकट. तिच्यावर दगड वाहायच्या दोन ट्रॉल्या एकीमागे एक उभ्या. त्यांच्या चाकांमधून माशांचा एक थवा आला, सगळ्यांनी मिळून एक वळण घेतलं आणि निघून गेला. मी पवनीच्या देवळांत वाढले, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. आपोआप हात जोडले गेले. हात जोडले तशी मी उलटी झाले, आणि वालेरीला मला घागरीसारखं सरळ करावं लागलं.

तिथं आवाज म्हणजे माझा एक श्वास. बाकी काही नाही. नंतर कळलं, देवराव वरून मला हाका मारत होते, अरुणनं डबा वाजवला होता. मला काही ऐकू आलं नव्हतं. उलट माझ्या पाठीशी काही आहे का म्हणून मी तीनदा मान वळवून पाहिलं. मागून काही आलं असतं तर मला कळलं नसतं. तेव्हा यार्ड डोळ्यांपुढं आलं. देवराव तर रोज असेच उभे राहतात, आणि मान वळवत नाहीत. मी वालेरीला वर जायची खूण केली.

घरी गेल्यावर मी पूर्वीसारखीच ओरडून बोलत राहिले. मार्च जेमतेम महिन्यावर होता.

चौथ्या रविवारी देवराव रुळांपर्यंत जाणार होते. मी नुसती काच लावून, वरच पालथी तरंगत पाहत होते. ते आणि वालेरी उतरत गेले, लहान लहान होत गेले. दर थोड्या वेळानं देवराव नाक धरून फुंकत. तळाला पोचले, स्लीपरवर उभे राहिले, आणि त्यांनी हात वर केला. मला लगेच कळलं, ही यार्डातली खूण, डबा सोड म्हणून. वालेरीलाही कळलं. एवढा मोठा साहेब ट्रॉलीमागे जाऊन इंजिन झाला आणि धक्का देऊ लागला. ट्रॉली गंजून रुळाला चिकटलेली, ती काय हलणार! दोघांच्या तोंडून हसण्याचे बुडबुडे भसाभसा वर आले आणि माझ्या पोटाला लागून फुटले. देवराव चार पुरुष पाण्याखाली, उन्हाच्या पट्ट्यांत, मासे अंगावरून जात असताना शंटिंग करत होते. इतकं देखणं मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा एकदा नाक धरून फुंकलं. आणि मला दिसलं. त्यांच्या डाव्या कानातून बुडबुडे निघाले. बारीक, मण्यांच्या सरीसारखे, एकामागे एक. नाकात कोंडलेली हवा कानाच्या फाटक्या पडद्यातून बाहेर पडत होती.

वालेरीलाही ते दिसले. तो थांबला. तेवढ्यात देवराव गरकन फिरले, एका अंगावर कलले, आणि वर यायचं सोडून भिंतीकडे पाय मारू लागले. थंड पाणी कानाच्या आत शिरलं होतं; वर कुठं, खाली कुठं, त्यांना कळेना. वालेरीनं त्यांना पट्ट्यांनी धरलं, तोंडासमोर तोंड आणलं आणि बोटांनी दाखवत राहिला, सोडा, श्वास सोडा. तसंच, घाई न करता, त्यांना वर आणलं. मी काठाकडे हात मारत सुटले.

काठावर त्यांनी दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला. ओकले. डोळे भोवऱ्यासारखे फिरत होते. हळूहळू थांबले. वालेरीनं त्यांचा कान ओढून उन्हाकडे धरला, आत पाहिलं, आणि अरुणशी बोलू लागला. बराच वेळ बोलला. कानाकडे बोट केलं. चरोद्याच्या दिशेला बोट केलं. मग आपल्या दोन मुठी समोरासमोर आणून एकमेकींवर आपटल्या. दोन डबे भिडतात तशा. अरुणचा चेहरा उतरला.

"काय म्हणते तो?" देवरावांनी विचारलं.

"पाणी लय थंडं आहे म्हणते, भाऊ. आज पुरे."

"येवढा वेळ बोलला, अन् येवढंसंच?"

"रशियन लंबी भाषा आहे, भाऊ."

"अन् हे काय?" देवरावांनी स्वतःच्या मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या.

अरुणनं माझ्याकडे पाहिलं. सगळे माझ्याकडेच पाहायचे, कारण गप्प बसायला मीच सांगितलं होतं. वालेरी अरुणकडे पाहत होता, आपलं बोलणं इतकं आखूड कसं झालं म्हणून. दुसऱ्या दिवशी देवरावांची सकाळी सहाची ड्यूटी होती, आणि नत्थू त्या आठवड्यात रजेवर होता.

मी ओल्या लुगड्यानिशी त्यांच्यासमोर जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर येऊन थांबले. ही सवय मला दोन वर्षं दिसत होती आणि मी ती दिसत नाही असं करत होते. मी ओरडले नाही. जेवायला या म्हणावं तितक्या साध्या आवाजात बोलले.

"तुमाले आयकू येत नाही."